तीन मिलिमीटर कुठून आले? क्राउन लेन्थनिंग सर्जरी आणि एका आकड्याचा प्रवास

दाढेची एक भिंत पार खालपर्यंत तुटलेली आहे. रूट कॅनल झालंय. आता वरून कॅप बसवायची, तर तुटलेली कड हिरडीच्या आत गेलेली. दंतवैद्य म्हणतात, "कॅपला पकडायला दातच उरला नाही. आधी छोटी सर्जरी करून दात थोडा लांब करावा लागेल." ऐकणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो, दात लांब कसा करणार? रबर आहे का तो?

दात आहे तेवढाच राहतो. हिरडी आणि तिच्याखालचं हाड मुळाच्या दिशेनं थोडं मागे नेतात, आणि आत दडलेला दाताचा भाग उघडा पडतो. एवढंच. दाताच्या दिसणाऱ्या भागाला क्लिनिकल क्राउन म्हणतात, तो लांब होतो म्हणून नाव क्राउन लेन्थनिंग.

आधीच सांगतो, मी दंतवैद्य नाही. माझं एम.एस्सी. प्राणिशास्त्रातलं आणि पीएचडीचं काम ऊतिशास्त्रातलं, म्हणजे दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघणं. त्यामुळे हा लेख वाचून कुणी आपल्या दाताचा निर्णय घेऊ नये. हा विषय निवडायचं कारण वेगळं आहे. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलाय, त्यांना एक आकडा प्रयोगशाळेतून निघून पाठ्यपुस्तकात कसा जातो आणि तिथून थेट कुणाच्या तरी जबड्यापर्यंत कसा पोचतो, हे इथे स्वच्छ बघायला मिळतं. आणि इथे चूक स्वस्त नाही. या सर्जरीत काढलेलं हाड सहसा परत मिळत नाही.

तर तो आकडा म्हणजे ३ मिलिमीटर. दंतशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, कॅपची कड आणि हाड यांत किती अंतर हवं? उत्तर येईल, तीन मिमी. का तीन? इथे बरेच जण थांबतात.

आधी रचना समजून घेऊ. दात हा शरीरातला जरा विचित्र अवयव आहे. त्याचं मूळ हाडात रोवलेलं, आणि डोकं मात्र अस्तर फोडून जंतूंनी गजबजलेल्या तोंडात आलेलं. जिथे तो अस्तर फोडतो तिथे शरीराला पक्कं सील लागतं, नाहीतर जंतू सरळ हाडापर्यंत जातील. आरशात हिरडीची जी कड दिसते तिथून आत गेलात तर आधी एक उथळ फट लागते, तिला सल्कस म्हणतात. फटीच्या तळाशी अभिस्तर ऊतीचा एक पट्टा दाताला चिकटलेला असतो, तो म्हणजे जंक्शनल एपिथेलियम. त्याच्या खाली संयोजी ऊती. तिचे तंतू दाताच्या मुळावरच्या सिमेंटममध्ये चक्क रुतलेले असतात. मग हाडाची कड. शाळेच्या पुस्तकात ज्या दोन ऊतींची नावं पाठ केली होती, त्याच इथे एकाखाली एक उभ्या आहेत. वरची चिकटून राहते, खालची रुतून बसते.

१९६१ साली गार्जुलो, वेन्ट्झ आणि ऑर्बन या तिघांनी हा सगळा भाग मोजला. मृत व्यक्तींचे ३० जबडे, त्यांतले २८७ दात, त्यांचे सूक्ष्मदर्शकाखालचे छेद. सरासरी आली ती अशी: सल्कस ०.६९ मिमी, एपिथेलियमचा पट्टा ०.९७ मिमी, संयोजी ऊती १.०७ मिमी. शेवटच्या दोन्हींची बेरीज २.०४ मिमी. दाताला खरोखर जोडलेल्या या पट्ट्याला पुढे बायॉलॉजिक विड्थ असं नाव पडलं. ते १९६२ मध्ये डी. वॉल्टर कोहेन यांनी वापरलं असं सांगितलं जातं. विड्थ म्हणजे रुंदी, आणि मोजतात ती उंची! पण नाव रुळलं ते रुळलं.

आता तुम्ही म्हणाल, २.०४ चे ३ कसे झाले? वरच्या फटीसाठी आणखी साधारण एक मिमी धरला. कॅपची कड फटीच्या तळाला टेकू नये, थोडी वरच राहावी, असा हिशेब. १९७७ मध्ये इंग्बर, रोझ आणि कॉसलेट यांनी या कल्पनेवर लेख लिहिला आणि हाडापासून किमान तीन मिमी हा व्यवहारातला आकडा त्यानंतर घट्ट बसला. सोपा आहे, लक्षात राहतो, परीक्षेत विचारता येतो. आकडे टिकतात ते बरेचदा असेच.

कॅपची कड या पट्ट्यात घुसली तर काय होतं? हिरडी लाल राहते, ब्रश लागला की रक्त येतं, कितीही साफ ठेवा, सूज जात नाही. काहींमध्ये, विशेषतः पातळ हिरडी असेल तर, शरीर हाड थोडं विरघळवून स्वतःच जागा करून घेतं आणि हिरडी खाली सरकते. जाड हिरडीत ती सरकण्याऐवजी सुजून बसते आणि तिथे खोल कप्पा तयार होतो. म्हणून, जागा शरीरानं वेडीवाकडी करण्यापेक्षा आपणच मोजून करू, हा क्राउन लेन्थनिंगमागचा विचार.

सर्जरी कशी करतात ते थोडक्यात. भूल देऊन हिरडीला छेद घेतात आणि ती हाडापासून उचलतात, त्याला फ्लॅप म्हणतात. पाण्याची धार सोडत बर आणि हातातली छिन्नीसारखी अवजारं वापरून दाताभोवतीचं हाड ठरलेल्या उंचीपर्यंत उतरवतात. मग फ्लॅप मुळाच्या दिशेनं सरकवून टाके घालतात. हिरडी भरपूर असेल आणि हाड आधीच पुरेसं दूर असेल तर नुसती हिरडी कापूनही भागतं. पण तुटलेल्या दाताच्या बाबतीत ते क्वचितच पुरतं, कारण अडचण हाडाची असते.

आता एक गणित करू, कारण इथेच सगळं कळतं. समजा दाताची शाबूत कड हाडापासून १.५ मिमी वर आहे. कॅपची कड हाडापासून ३ मिमीवर हवी. शिवाय कॅपनं दाताला पिंपाच्या कड्यासारखं आवळून धरायला कडेच्या वर दीड ते दोन मिमी शाबूत दात लागतो, त्याला फेरूल म्हणतात. दोन धरू. म्हणजे हाडापासून एकूण ५ मिमी दात हवा. आहे १.५. काढायचं हाड ३.५ मिमी. मूळ आधी हाडात १२ मिमी रुतलेलं असेल तर आता ८.५ राहिलं, आणि बाहेरचा भाग तेवढाच वाढला. खुंटा कमी रोवायचा आणि वरची काठी लांब करायची, तसं हे. त्यात दाताभोवतीचं हाड एकट्यानं खड्ड्यासारखं उतरवता येत नाही. हिरडी नीट बसायला शेजारच्या दातांकडे उतार करत जावं लागतं, म्हणजे चांगल्या दातांचंही थोडं हाड जातं. दाढ असेल तर आणखी एक भीती: मुळं जिथे फुटतात तो सांधा, फर्केशन, उघडा पडला तर तिथे साफसफाई जवळजवळ अशक्य.

म्हणून या गणितात 'तीन'च्या जागी काय टाकता याला महत्त्व आहे. अडीच चालत असेल तर अर्धा मिमी हाड वाचतं. चार लागत असेल तर तीनवर थांबल्यामुळे सर्जरी करूनही हिरडी सुजलेलीच राहणार. काही वेळा हे गणित मांडल्यावर दिसतं की सर्जरी करूच नये. ऑर्थोडॉन्टिक तारेनं दात हळूहळू वर ओढता येतो, किंवा दात काढून इम्प्लांटचा विचार करावा लागतो.

आता परत त्या सरासरीकडे. १९९४ मध्ये वाचेक आणि सहकाऱ्यांनी असंच मोजमाप पुन्हा केलं, मृत व्यक्तींच्या दातांच्या १७१ पृष्ठभागांवर. त्यांची सरासरी: सल्कस १.३४, एपिथेलियम १.१४, संयोजी ऊती ०.७७. शेवटच्या दोन्हींची बेरीज करा, १.९१. म्हणजे २.०४ च्या अगदी जवळ. बरेच लेख इथे 'दोन्ही अभ्यास एकमेकांना दुजोरा देतात' असं लिहून पुढे जातात.

पण जरा थांबा. दोन्ही रांगा कागदावर एकाखाली एक लिहा. गार्जुलोंच्या अभ्यासात संयोजी ऊती एपिथेलियमपेक्षा जास्त, वाचेक यांच्यात उलट. सल्कस तर जवळपास दुप्पट. बेरीज जुळली, घटक जुळले नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण सील करणारी आणि रुतून बसणारी ऊती ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांची बेरीज सारखी आली म्हणून रचना सारखी ठरत नाही. वाचेक यांनी आणखी एक दाखवलं. पुढच्या दातांमध्ये हा पट्टा सरासरी १.७५, उपदाढांत १.९७, दाढांत २.०८. शिवाय हिरडीखाली फिलिंग किंवा कॅप गेलेल्या ठिकाणी एपिथेलियमचा पट्टा जास्त लांब होता. म्हणजे तोंडात आपण काय करून ठेवलंय त्यावरही आकडा हलतो.

२०१३ मध्ये श्मिट आणि सहकाऱ्यांनी तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून पद्धतशीर आढावा घेतला. सरासरी आली २.१५ ते २.३० मिमी. वाचणारा इथेही खूश होईल, दोनच्या आसपासच आहे की! पण त्याच वाक्यात पुढे व्याप्ती दिलीय: ०.२ ते ६.७३ मिमी. पुन्हा वाचा. कुणाचा पट्टा कागदाच्या दोन-तीन पानांएवढा, कुणाचा पाऊण सेंटीमीटरच्या जवळ. अशा विखुरलेल्या गोष्टीची सरासरी खरी असते, पण समोर खुर्चीत बसलेल्या माणसाबद्दल ती फार थोडं सांगते. सिनॉप्सिसमध्ये 'मीन' लिहून त्यासमोरचा 'रेंज'चा रकाना कोरा सोडणाऱ्यांनी हा आढावा जरूर वाचावा.

मग दवाखान्यात करतात काय? एक साधा उपाय आहे, बोन साउंडिंग. भूल दिल्यावर प्रोब हिरडीतून हाडाला टेकेपर्यंत आत घालायचा आणि हिरडीच्या कडेपासून हाडापर्यंतचं अंतर वाचायचं. त्यातून सल्कसची खोली वजा केली की त्या माणसाचा, त्या दाताचा स्वतःचा पट्टा साधारण कळतो. शेजारच्या निरोगी दाताजवळही मोजतात. ही पद्धत मला आवडते, कारण ती सरासरीला बगल देऊन समोरच्या दातालाच विचारते. पण तिची मर्यादाही बघा. प्रोबवर खुणा एकेक मिलिमीटरच्या. काचपट्टीवर ०.९७ मोजता येतं. तोंडात मात्र एक किंवा दोन, फार तर मध्ये कुठेतरी. दशांशाच्या दोन स्थळांपर्यंतचा आकडा आणि मिलिमीटरच्या खुणांचं अवजार या दोन गोष्टी एकाच वाक्यात आल्या की संशोधकाचे कान टवकारले पाहिजेत.

आता सर्जरीनंतरची गोष्ट. हाड उतरवलं, हिरडी खाली शिवली. ती तिथेच राहते का? कॅपची कड कुठे ठेवायची आणि कॅप कधी बसवायची हे यावरच ठरतं.

१९९२ मध्ये ब्रॅगर आणि सहकाऱ्यांनी २५ रुग्णांचे ८५ दात सहा महिने बघितले. बहुतेक ठिकाणी हिरडीची कड फारशी हलली नाही. मात्र सहा आठवडे ते सहा महिने या काळात १२ टक्के ठिकाणी ती आणखी २ ते ४ मिमी मागे गेली. पुढच्या दिसणाऱ्या दातांवर पक्की कॅप बसवायची घाई करू नये, काही महिने थांबावं, असं सांगतात त्यामागे अशी निरीक्षणं आहेत. दाढेला सहसा कमी थांबतात.

२००१ मध्ये पोन्टोरिएरो आणि कार्नेवाले यांनी ३० रुग्ण, ८४ दात, १२ महिने असा अभ्यास केला. निकाल? हिरडी परत वर वाढली, तीही सरासरी तीन मिमीच्या आसपास. जाड हिरडी असलेल्यांत जास्त. म्हणजे सर्जरीच्या दिवशी मिळवलेल्या लांबीचा मोठा भाग वर्षभरात गेला.

एक म्हणतो हिरडी स्थिर, दुसरा म्हणतो परत वाढते. अशा वेळी नवखा विद्यार्थी लिटरेचर रिव्ह्यूमध्ये 'निष्कर्ष परस्परविरोधी आहेत' असं लिहून मोकळा होतो. हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलंय की आता ते दिसलं की पान उलटतो. विरोध दिसला की पहिला प्रश्न हा: दोघांनी एकच गोष्ट केली होती का?

२००४ मध्ये डीस आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं मांडला. २५ रुग्ण, ४३ दात, सहा महिने. त्यांनी एक गोष्ट नीट नोंदवली: टाके घालताना हिरडीची कड हाडापासून किती दूर ठेवली? आणि मग त्यानुसार निकाल वेगळे केले. कड हाडापासून १ मिमी किंवा त्याहून जवळ शिवली तिथे हिरडी सरासरी १.३३ मिमी परत वर आली. ४ मिमी किंवा त्याहून दूर शिवली तिथे बदल उणे ०.१६, म्हणजे जवळजवळ शून्य. जितकी हाडाला चिकटवून शिवाल तितकी परत उसळेल. ऊतीला आपला पट्टा पुन्हा उभा करायचाच असतो, त्याला जागा ठेवली नाही तर ती जागा ती वरून घेते. पोन्टोरिएरोंच्या अभ्यासात हिरडी हाडाच्या कडेशी नेऊन ठेवलेली होती, हे आता आठवा. विरोध बराचसा विरघळतो. फक्त एक चल मोजायचं राहिलेलं होतं.

अर्थात एवढ्यावर डीस यांचं काम डोक्यावर घ्यायची गरज नाही. ४३ दात हे २५ तोंडांतले आहेत. एकाच तोंडातले दोन दात म्हणजे दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. त्यांची लाळ एक, जंतू एक, हिरडीची जाडी बरीचशी सारखी, ब्रश करणारा हातही एकच. गार्जुलोंचे २८७ दातही ३० जबड्यांतलेच. तुमच्या शेतातल्या एका झाडाची शंभर पानं मोजली म्हणून नमुना शंभर झाडांचा होत नाही. या क्षेत्रात n वाचताना दातांचा आकडा आणि माणसांचा आकडा दोन्ही वहीत उतरवा, आणि विश्लेषणात दात एका माणसाखाली गटात धरलेत का ते पद्धतीच्या भागात शोधा.

हेरेरो आणि सहकाऱ्यांचा १९९५ चा अभ्यास या सगळ्यात मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. त्यांनी एवढंच तपासलं की सर्जननं ठरवलेलं तीन मिमी अंतर प्रत्यक्षात मिळतं का. सरासरी तीनपेक्षा कमीच भरली. रक्त, अंधारी जागा, शेजारच्या दाताची भीती, हात आखडतो. म्हणजे नियम किती बरोबर याच्या आधी, नियम पाळला जातो का हाही संशोधनाचा विषय होऊ शकतो, आणि असा विषय कमी खर्चात होतो, हे तुमच्यासाठी खास.

नावाचंही शेवटी काहीतरी झालं. २०१७ मध्ये शिकागोला अमेरिकन आणि युरोपीय पेरिओडॉन्टॉलॉजी संघटनांची जागतिक कार्यशाळा झाली, तिचे अहवाल २०१८ मध्ये आले. त्यात बायॉलॉजिक विड्थऐवजी सुप्राक्रेस्टल टिश्यू अटॅचमेंट हे नाव सुचवलं, म्हणजे हाडाच्या कडेच्या वरची जोडलेली ऊती. नवं नाव बोजड आहे, पण ते निदान रुंदीचा आव आणत नाही, आणि त्यात कुठलाही आकडा लपलेला नाही. जुने पेपर शोधताना मात्र दोन्ही नावं टाका, नाहीतर अर्धं साहित्य हाती लागणार नाही.

त्याच कार्यशाळेतली आणखी एक कबुली जास्त मोलाची आहे. कॅपची कड या पट्ट्यात गेली की सूज येते, हे दिसतं. पण ती सूज कडेवर साठणाऱ्या जंतूंच्या थरामुळे, कॅप बसवताना झालेल्या इजेमुळे, वापरलेल्या पदार्थामुळे की या सगळ्यांच्या मिश्रणामुळे, हे उपलब्ध पुराव्यांवरून ठरवता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. म्हणजे ज्या कारणासाठी हाड काढतो ते कारणच पूर्ण सुटं झालेलं नाही. न्यूकॉम्ब यांनी १९७४ मध्ये पुढच्या दातांच्या ६६ कॅप तपासून दाखवलं होतं की कड एपिथेलियमच्या जितकी जवळ तितकी सूज जास्त. पण कड जितकी खोल तितकी ती ब्रशच्या हाताबाहेर, आणि खोल कड बसवताना इजाही जास्त. तिन्ही कारणं एकाच दिशेला चालतात. त्यांना वेगळं कसं करणार?

माणसात मुद्दाम कड चुकीच्या जागी बसवता येणार नाही, एथिक्स समिती पहिल्याच पानावर थांबवेल. कुत्र्यांवर असे प्रयोग झालेत, पण कुत्र्याची हिरडी आणि त्याची तोंड साफ ठेवण्याची पद्धत आपली नाही. उरतात ती माणसं ज्यांच्या तोंडात अशी खोल कड आधीच बसलेली आहे आणि जी ती बदलून घ्यायला आली आहेत. त्यांच्यात काही काळ जंतूंचा थर कडक शिस्तीनं काढत राहायचं आणि सूज किती उतरते ते बघायचं, त्यानंतरच सर्जरी. उतरली तर जंतूंचा वाटा मोठा, आणि कदाचित काही दातांचं हाड वाचेल. न उतरल्यास कडेच्या जागेकडे बोट जाईल. यातला तुलनेचा गट कोण असेल, 'काही काळ' म्हणजे किती आठवडे, आणि सूज मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे कळू नये याची सोय कशी करणार, ते सिनॉप्सिसच्या एका पानात लिहून बघा. पहिल्या दोन प्रश्नांवरच तुमची संध्याकाळ जाईल.